आयएनजी लावलं की झालं का? जेरंडबद्दल तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात टेन्सेसची उत्तरं छापून आली आणि त्यानंतर जी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मेसेज आले ते बहुतेक सगळे एकाच ठिकाणी येऊन अडलेत, क्रियापदाला आयएनजी लागून जे नाम तयार होतं ते, म्हणजे जेरंड. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. एक गोष्ट आधीच सांगते, कारण खाली प्रत्येक उत्तरात ती येणार आहे: जेरंडचं बहुतेक काम आपण मराठीत रोज करतो, 'जाणं', 'जाण्याआधी', 'गेल्याबद्दल', 'जायचं', 'जायला' अशी रूपं न चुकता वापरतो, तेव्हा इंग्लिशचे नियम पाठ करायच्या आधी आपण मराठीत काय बोललो ते नीट ऐकायचं. काही ठिकाणी मराठी आपल्याला चकवते पण, ती ठिकाणंही सांगते.

प्रश्न: मॅडम, मी दहावीत आहे, मराठी मीडियम. 'ही इज रनिंग' मध्ये रनिंग आहे आणि 'रनिंग इज गुड फॉर हेल्थ' मध्ये पण रनिंगच आहे, मग एकाला जेरंड आणि दुसऱ्याला पार्टिसिपल का म्हणायचं? आणि जेरंड फ्रेज म्हणजे नेमकं कुठपासून कुठपर्यंत? पेपरात अंडरलाइन करायला सांगतात तेव्हा गोंधळ होतो.
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: शब्द दिसायला सारखाच आहे, म्हणून त्याच्याकडे बघून काही कळणार नाही, तो वाक्यात काय काम करतोय ते बघ. दोन्ही वाक्यं मराठीत मोठ्याने म्हण. 'तो धावतोय' आणि 'धावणं तब्येतीला चांगलं'. पहिल्यात धावण्याची क्रिया चालू आहे, म्हणून तो पार्टिसिपल, दुसऱ्यात 'धावणं' ही एक गोष्ट आहे जिच्याबद्दल आपण काहीतरी बोलतोय, म्हणून तो जेरंड. मराठीत '-णं' किंवा '-ण्या' आलं (धावणं, धावण्याचे, धावण्यासाठी) तर बहुतेक वेळा इंग्लिशमध्ये जेरंड असतो आणि '-तोय', '-ताना', '-णारा', '-लेला' आलं तर पार्टिसिपल. बहुतेक वेळा म्हणाले, नेहमी नाही, अपवाद पुढच्या उत्तरांमध्ये येतील.

आता रेल्वे स्टेशनवर जा. तिथे 'वेटिंग रूम' अशी पाटी असते. खोली थांबलेली नाहीये, ती थांबण्यासाठीची खोली आहे, म्हणून तिथला वेटिंग जेरंड. पण 'वेटिंग पॅसेंजर्स' म्हटलं तर पॅसेंजर खरंच थांबलेत, तो झाला पार्टिसिपल. तसंच 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपण्याची बॅग आणि 'स्लीपिंग बेबी' म्हणजे झोपलेलं बाळ. बोलताना पण फरक ऐकू येतो, 'वेटिंग रूम' म्हणताना जोर वेटिंगवर येतो आणि रूम हलकं जातं, 'वेटिंग पॅसेंजर्स' म्हणताना पॅसेंजर्सवर पण जोर पडतो.

फ्रेजचं आता. जेरंड मुळात क्रियापदापासून आलाय म्हणून तो आपलं कर्म, आपलं 'कुठे', 'कधी', 'कसं' सगळं बरोबर घेऊन येतो, आणि हा सगळा जथा मिळून होते जेरंड फ्रेज. हे वाक्य घे: 'ड्रायव्हिंग अ ट्रक इन द घाट ॲट नाइट इज डेंजरस.' रात्री घाटात ट्रक चालवणं धोक्याचं आहे. धोक्याचं काय आहे? नुसतं 'चालवणं' नाही, 'रात्री घाटात ट्रक चालवणं'. म्हणून ड्रायव्हिंगपासून नाइटपर्यंत सगळं अंडरलाइन करायचं. चेक करायचं असेल तर तेवढा भाग उचलून त्या जागी 'इट' ठेव, 'इट इज डेंजरस', वाक्य उभं राहिलं म्हणजे हद्द बरोबर आखली. नुसतं 'ड्रायव्हिंग अ ट्रक' उचललंस तर 'इट इन द घाट ॲट नाइट इज डेंजरस' असं काहीतरी लंगडं वाक्य उरतं, त्यावरून कळतं की अजून काहीतरी आत घ्यायचं राहिलंय.

ही फ्रेज नामाच्या कुठल्याही जागेवर बसते. सब्जेक्ट म्हणून आत्ता बघितली. 'ही हेट्स ड्रायव्हिंग ॲट नाइट' मध्ये ती ऑब्जेक्ट आहे, 'ही इज टायर्ड ऑफ ड्रायव्हिंग ॲट नाइट' मध्ये प्रिपोझिशननंतर ('ऑफ', 'इन', 'फॉर' असे शब्द) आहे, आणि 'हिज जॉब इज ड्रायव्हिंग अ ट्रक' मध्ये ती 'इज' च्या पुढे येते, आणि इथेच पेपरात मुलं फसतात, कारण 'ही इज ड्रायव्हिंग अ ट्रक' पण अगदी तसंच दिसतं. युक्ती अशी की वाक्याची दोन टोकं उलटी करून बघायची. 'ड्रायव्हिंग अ ट्रक इज हिज जॉब' चालतं, म्हणून तिथे जेरंड. 'ड्रायव्हिंग अ ट्रक इज ही' चालत नाही, म्हणून तिथे नुसता चालू काळ. नोकरी ट्रक चालवत नाही ना, माणूस चालवतो.

प्रश्न: ताई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. पुस्तकात भल्यामोठ्या याद्या आहेत, अमुक व्हर्बनंतर जेरंड, अमुक व्हर्बनंतर टू, आणि काहींना दोन्ही पण अर्थ बदलतो. पाठ करतो आणि आठवड्यात विसरतो. काही लॉजिक आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: थोडं लॉजिक आहे आणि ते कामाचं आहे. 'टू' बहुतेक वेळा पुढे बघतं, जे अजून व्हायचंय तिकडे: 'वाँट टू', 'होप टू', 'प्लॅन टू', 'डिसाइड टू', 'प्रॉमिस टू', 'ॲग्री टू', 'रिफ्यूज टू'. जेरंड बहुतेक वेळा जे चालू आहे, होऊन गेलंय किंवा अनुभवात आहे त्याच्याबद्दल बोलतो: 'एन्जॉय रीडिंग', 'फिनिश रायटिंग', 'ॲडमिट स्टीलिंग', 'डिनाय टेकिंग', 'मिस लिव्हिंग इन पुणे', 'कीप ट्रायिंग', 'गिव्ह अप स्मोकिंग'. या लॉजिकमध्ये न बसणारी पण आहेत, 'अव्हॉइड', 'पोस्टपोन', 'कन्सिडर', 'सजेस्ट', 'रिस्क' ही पुढचं बोलतात तरी जेरंडच घेतात, एवढी मात्र पाठच करा, दुसरा उपाय नाही.

पण तुमची खरी अडचण आहे ती अर्थ बदलणाऱ्या व्हर्ब्जची, आणि तिथे मराठी इतकी छान मदत करते की या याद्या मराठी मुलांना कोरड्या का शिकवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता 'स्टॉप' घ्या. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तो बोलायचा थांबला, 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलायला थांबला. बोलायचा आणि बोलायला, एका अक्षराचा फरक, आणि कुठल्याही मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात बोलणं बंद झालं, दुसऱ्यात चालणं बंद झालं आणि बोलणं सुरू झालं.

'रिमेंबर' बघा. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर', दार लावल्याचं आठवतंय, म्हणजे लावून झालं. 'रिमेंबर टू लॉक द डोअर', दार लावायचं लक्षात ठेव, म्हणजे अजून लावायचंय. मराठीत '-ल्याचं' आलं की जेरंड, '-यचं लक्षात ठेव' आलं की टू. 'फरगेट' चं तसंच, 'आय फरगॉट टू टर्न ऑफ द गॅस' म्हणजे गॅस बंद करायला विसरले, आणि 'आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी' म्हणजे समुद्र बघितल्याचं कधी विसरणार नाही.

'ट्राय' मध्ये तर मजाच आहे. 'ट्राय टू ओपन द विंडो' म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न कर, ती घट्ट बसलीय, उघडेल की नाही माहीत नाही. 'ट्राय ओपनिंग द विंडो' म्हणजे खिडकी उघडून बघ, उघडणं सोपं आहे, त्याने गरमी कमी होते का ते बघायचंय. मराठीतलं 'करून बघ' म्हणजेच इंग्लिशचं 'ट्राय डूइंग', हे एकदा डोक्यात बसलं की परत चुकणार नाही. 'रिग्रेट' साठी सरकारी पत्र आठवा, 'कळविण्यास खेद वाटतो की' म्हणजे 'वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू', आणि सांगून टाकल्याचा पश्चात्ताप होतोय तर 'आय रिग्रेट टेलिंग हिम'. 'गो ऑन' मध्ये 'ही वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे तो बोलतच राहिला आणि 'ही वेंट ऑन टू टॉक अबाउट हिज व्हिलेज' म्हणजे आधी काहीतरी वेगळं बोलला आणि मग पुढे गावाबद्दल बोलायला लागला.

'नीड' पण लक्षात ठेवा. 'आय नीड टू वॉश द कार', मला गाडी धुवायचीय. 'द कार नीड्स वॉशिंग', गाडी धुवायला झालीय. कोण धुणार ते दोन्ही भाषांत सांगितलेलं नाही, गाडी स्वतः काही धुणार नाही, तिला कोणीतरी धुणार, म्हणून आयएनजी असूनही अर्थ पॅसिव्हचा आहे. 'केस कापायला झालेत', 'चाकूला धार लावायला झालीय', ही सगळी वाक्यं याच साच्यात टाकून बघा. आणि 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग' ला आपल्याकडे तयार शब्द आहेत, हसल्याशिवाय राहवलं नाही.

आता मराठी कुठे चकवते ते. आपलं '-यला' हे रूप फार कामं करतं, 'वाचायला आवडतं', 'वाचायला हवं', 'वाचायला बसलो', 'वाचायला सुचवलं', आणि '-यला' ऐकलं की आपल्या तोंडात आपोआप 'टू' येतं. 'लाइक', 'लव्ह', 'स्टार्ट', 'बिगिन' सोबत ते खपून जातं कारण तिथे दोन्ही चालतात. पण 'आय एन्जॉय टू रीड' चुकीचं, 'आय एन्जॉय रीडिंग'. 'त्याने मला जायला सुचवलं' चं 'ही सजेस्टेड मी टू गो' होत नाही, एकतर 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय गो', हे सजेस्टचं वाक्य मी शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या लोकांकडून सुद्धा रोज ऐकते. 'खिडकी उघडायला हरकत नाही ना?' हे 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' असंच विचारायचं, 'माइंड टू' नाही, आणि त्याचं उत्तर 'नॉट ॲट ऑल' दिलं म्हणजे उघडायला तयार आहे, 'येस' म्हणालात तर समोरच्याला वाटेल की तुमची हरकत आहे. 'लिहून झालं' चं 'फिनिश्ड टू राइट' नाही, 'फिनिश्ड रायटिंग'.

यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक व्हर्बचं एक एक वाक्य, तुमच्या घरातलं, तुमच्या रूमवरचं, मराठी आणि इंग्लिश शेजारी शेजारी लिहून ठेवा. वाक्य विसरत नाही, यादी विसरते.

प्रश्न: मी बी.कॉम. झालोय, एका दुकानात बिलिंगला होतो. आता जॉबसाठी मेल पाठवतोय पण उत्तर येत नाही. एका मित्राने सांगितलं की तुझ्या मेलमध्ये ग्रामरच्या चुका आहेत पण कुठल्या ते त्याला सांगता आलं नाही. मेल खाली देतोय: 'आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क इन युवर कंपनी. आय हॅव एक्सपिरियन्स ऑफ हँडल अ बिलिंग काउंटर. सॉरी फॉर डिस्टर्ब यू. थँक यू फॉर रीड माय मेल. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.'
– एक वाचक, लातूर

उत्तर: मेल छोटा आहे, नम्र आहे, जे सांगायचं ते नीट सांगितलंय. उत्तर न येण्याची कारणं दुसरीही असतील, पण चुका आहेत हे खरं, आणि गंमत म्हणजे पाचही वाक्यांतली चूक एकच आहे. प्रत्येक ठिकाणी प्रिपोझिशन आहे किंवा असायला हवं होतं, आणि इंग्लिशमध्ये प्रिपोझिशननंतर क्रियापद ठेवायचं असेल तर ते आयएनजी लावूनच ठेवावं लागतं. 'इंटरेस्टेड इन वर्किंग', 'एक्सपिरियन्स ऑफ हँडलिंग', 'सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू', 'थँक यू फॉर रीडिंग', 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. झालं, एवढंच.

हा नियम परका वाटू देऊ नका. आपण 'मेल वाच बद्दल धन्यवाद' म्हणतो का? 'मेल वाचल्याबद्दल' म्हणतो. 'निघ आधी' नाही, 'निघण्याआधी', 'काम कर साठी' नाही, 'काम करण्यासाठी'. शब्दयोगी अव्यय लावायचं तर क्रियापदाला आधी नामाचं रूप द्यावं लागतं, हे तुम्ही लहानपणापासून करताय. इंग्लिश तेच काम आयएनजीकडून करून घेते, 'बिफोर लीव्हिंग', 'आफ्टर ईटिंग', 'बाय वर्किंग हार्ड', 'इन्स्टेड ऑफ गोइंग'. फक्त 'विदाउट' जपून वापरा, कारण तिथे आपण 'न सांगता' म्हणतो, '-णं' किंवा '-ण्या' कानावर येतच नाही, आणि मग 'विदाउट टेल' किंवा 'विदाउट टू टेल' तोंडातून जातं. 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग मी', तो मला न सांगता गेला.

तुमच्या मेलमधलं सगळ्यात अवघड वाक्य शेवटचं आहे, कारण तिथे 'टू' आहे आणि 'टू' दिसलं की सगळे पुढे नुसतं क्रियापद ठेवतात. इंग्लिशमध्ये 'टू' दोन आहेत. एक 'वाँट टू गो' मधला, इन्फिनिटिव्हचा, म्हणजे ज्याच्या पुढे नुसतं मूळ क्रियापद येतं तो. दुसरा 'टू मुंबई' मधला, प्रिपोझिशन. कुठला आहे ते ओळखायला 'टू' च्या पुढे एखादं साधं नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू' बरोबर वाटतं, म्हणजे हा प्रिपोझिशन आहे, आयएनजी लावा. 'आय वाँट टू द इंटरव्ह्यू' चालत नाही, म्हणजे तो इन्फिनिटिव्हचा. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'इन ॲडिशन टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'व्हेन इट कम्स टू', हे सगळे प्रिपोझिशनचे टू.

'यूज्ड टू' तर दोन्हीकडचा आहे. 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणजे मी पाचला उठायचो, आता नाही उठत. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणजे मला पाचला उठायची सवय आहे. 'उठायचो' आणि 'उठायची सवय आहे' यात कधी गल्लत होते का तुमची? मग इंग्लिशमध्ये पण होऊ देऊ नका, इंटरव्ह्यूत नाइट शिफ्टबद्दल विचारलं आणि तुम्ही 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणालात तर समोरचा समजेल की आता तुम्हाला जमत नाही.

'सॉरी टू डिस्टर्ब यू' असंही म्हणतात आणि ते बरोबर आहे, तिथे 'फॉर' नाही म्हणून टू चालतं. मेल दुरुस्त करून पुन्हा पाठवा आणि काय झालं ते जरूर कळवा.

प्रश्न: 'आय ॲम गोइंग टू शॉपिंग' म्हटलं की माझी मुलगी हसते आणि म्हणते 'टू' काढ. शॉपिंगला जाते मधला 'ला' कुठे गेला मग?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: मुलगी बरोबर सांगतेय. 'गो शॉपिंग', 'गो स्विमिंग', 'गो फिशिंग', 'गो ट्रेकिंग', या सगळ्यांत मध्ये काहीच येत नाही. पण तुमचा प्रश्न पण अगदी रास्त आहे, कारण पूर्वी तिथे खरंच काहीतरी होतं. जुन्या इंग्लिशमध्ये 'गो ऑन हंटिंग' अशा धर्तीचं बोलणं होतं, तो 'ऑन' झिजून नुसता 'अ' राहिला, 'गो अ-हंटिंग', जुन्या इंग्लिश गाण्यांत आणि गोष्टींत हे अजून सापडतं, आणि नंतर तो 'अ' पण गळाला. म्हणजे तुमचा 'ला' हरवला तो शेकडो वर्षांपूर्वी. मात्र जागा सांगायची असेल तर टू येणारच, 'आय ॲम गोइंग टू द मार्केट'.

असंच गळालेलं प्रिपोझिशन 'बिझी' मध्ये आहे. आपण 'स्वयंपाक करण्यात बिझी आहे' म्हणतो, इंग्लिशमध्ये नुसतं 'बिझी कुकिंग'. 'समजायला अवघड गेलं' म्हणजे 'आय हॅड डिफिकल्टी अंडरस्टँडिंग इट', इथे 'इन' घातला तरी चालतं, न घातला तरी चालतं, 'टू' मात्र घालू नका.

प्रश्न: आम्ही शिकवत असताना 'आय डोन्ट लाइक हिज कमिंग लेट' हेच बरोबर असं सांगायचो. आता नातवाच्या पुस्तकात 'हिम कमिंग लेट' आहे. हे केव्हापासून चालायला लागलं?
– निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: सर, चालत तर फार पूर्वीपासून होतं, गाजलेला वाद मात्र गेल्या शतकातला आहे. हेन्री फाउलर या इंग्लिश कोशकारांनी 'हिम कमिंग' सारख्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव दिलं आणि १९२६ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध वापरकोशात तिच्यावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं असं की आवडत नाही ते त्याचं येणं, तो नव्हे, म्हणून 'हिज' च हवं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्याच सुमाराला त्यांना विरोध केला, चांगल्या चांगल्या लेखकांची उदाहरणं काढून दाखवली की ही रचना इंग्लिशमध्ये रुळलेली आहे. शाळांमधून फाउलर जिंकले, बोलण्यातून येस्पर्सन.

आज दोन्ही बरोबर मानतात. अर्ज, निबंध, ऑफिसचं पत्र असेल तर 'हिज' लिहा, बोलताना 'हिम' सर्रास येतं. वाक्याची सुरुवातच तिथून होत असेल तर 'हिज' च बरं दिसतं, 'हिज कमिंग लेट अपसेट एव्हरीवन', इथे 'हिम' ने सुरुवात केली तर कानाला खटकतं. निर्जीव वस्तू किंवा लांबलचक नाम असेल तर तुमच्या काळीही कुणी अपॉस्ट्रॉफी लावायचा आग्रह फारसा धरत नसणार, 'देअर इज नो चान्स ऑफ द रेन स्टॉपिंग', इथे 'रेन्स स्टॉपिंग' कोण म्हणेल?

आणि बघा, आपल्या मराठीत हे सगळे प्रकार सुखाने नांदतात. 'त्याचं उशिरा येणं मला आवडत नाही', 'त्याने उशिरा येणं बरोबर नाही', 'तो वेळेवर येणं शक्यच नाही'. षष्ठी, तृतीया, प्रथमा तिन्ही चालतात. तुमच्या नातवाला ही तीन वाक्यं सांगा सर, 'हिज' आणि 'हिम' दोन्ही कसे काय चालतात हे त्याला लगेच पटेल. फक्त एक सांभाळायला सांगा, 'आय सॉ हिम लीव्हिंग' मध्ये 'हिज' होणार नाही, कारण तिथे तो जाताना दिसला, माणूस दिसला, तो जेरंड नाहीच, पार्टिसिपल आहे.

प्रश्न: आम्ही इंग्लंडला राहतो. मुलीच्या पुस्तकात जेरंड हा शब्दच नाही, सगळीकडे 'आयएनजी फॉर्म' असं आहे. मी तिला जेरंड, पार्टिसिपल असं शिकवायला गेले तर ती म्हणते आम्हाला असं शिकवत नाहीत. जुनं झालं का हे?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: जुनं झालं नाही, पण आयएनजीचं रूप जेरंड आणि पार्टिसिपल अशा दोन खणांमध्ये कितपत वाटायचं याबद्दल अभ्यासकांमध्येच मतभेद आहेत. मुळात हे दोन वेगळे होते. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये क्रियापदापासून बनलेल्या नामाला '-उंग' किंवा '-इंग' लागायचं आणि पार्टिसिपलला '-एंडे', दोघांचे शेवट वेगळे, गोंधळाचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या काही शतकांत पार्टिसिपलचा शेवट बदलत बदलत तो पण '-इंग' झाला आणि दोघं एकसारखे दिसायला लागले. जेरंड हे नाव तर लॅटिन व्याकरणातून आणून चिकटवलंय, त्यामुळे ते इंग्लिशच्या अंगाला थोडं सैल बसतं. २००२ साली केंब्रिजने इंग्लिशचं जे मोठं व्याकरण काढलं त्यात हडलस्टन आणि पुलम यांनी तर सरळ 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव ठेवलं, कारण रूप एकच आहे आणि कित्येक वाक्यांत रेघ कुठे मारायची ते ठरवता येत नाही. शिकणाऱ्यांसाठीची बरीचशी आजची पुस्तकं म्हणूनच 'आयएनजी फॉर्म' म्हणून पुढे जातात.

मला विचाराल तर मुलीला शाळेत जे नाव शिकवतात तेच वापरू दे, त्यावरून घरात वाद नको. पण नामासारखं काम आणि क्रियेसारखं काम, हा फरक तिला कळायला हवा, आणि मराठी बोलणाऱ्या मुलीला तो दाखवायला नावाची गरज नाही. 'पोहणं' आणि 'पोहताना' म्हणा, तिला कळेल. महाराष्ट्रात परीक्षा देणाऱ्या मुलांनी मात्र दोन्ही नावं शिकायचीच, पेपरात विचारतात.

प्रश्न: 'रीडिंग ओल्ड लेटर्स मेक मी सॅड' की 'मेक्स मी सॅड'? लेटर्स अनेकवचनी आहे ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: 'मेक्स'. उदास पत्रांनी नाही केलं, पत्रं वाचण्याने केलं, आणि वाचणं एकच आहे. शेजारी कितीही अनेकवचनी नाम आलं तरी एका जेरंड फ्रेजला एकवचनी व्हर्बच लागतं, 'वॉशिंग डिशेस टेक्स टाइम', 'रेझिंग टू चिल्ड्रन अलोन इज हार्ड'. मराठीतही बघा, पत्रं अनेकवचनी असली तरी आपण 'जुनी पत्रं वाचणं त्रासाचं असतं' म्हणतो, 'असतात' म्हणत नाही. दोन वेगवेगळी कामं 'अँड' ने जोडली तर मात्र अनेकवचन येतं, 'कुकिंग अँड क्लीनिंग टेक अप माय होल मॉर्निंग', स्वयंपाक एक आणि साफसफाई दुसरी.